हैदराबाद संस्थानातील सत्तापालट, १९४७

हैदराबाद संस्थानात ऑक्टोबर १९४७ मध्ये रझाकार या निमलष्करी संघटनेच्या दडपणाखाली घडून आलेला राजकीय बदल. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहाटे हैदराबाद शहरात जमावाने राज्याच्या पंतप्रधानांच्या व वाटाघाटी करणाऱ्या प्रतिनिधींच्या निवासस्थानांना वेढा घातला. भारत सरकारशी ठरलेल्या करारावर सही होण्याचे त्यामुळे टळले आणि पुढील काही आठवड्यांत सत्तेची सूत्रे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या प्रभावाखालील मंत्रिमंडळाकडे गेली. येथपासून सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईपर्यंतचा कालखंड हा मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासातील अत्यंत अस्थिर कालखंड होय. सांप्रतच्या जालना जिल्ह्याचा प्रदेश त्या वेळी संस्थानाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) व परभणी या जिल्ह्यांत विभागलेला होता. वऱ्हाडच्या सीमेला लागून असल्यामुळे आणि मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर वसलेला असल्यामुळे या प्रदेशाला या घडामोडींची झळ प्रत्यक्ष लागली.

स्वरूप : लष्करी सत्तापालट म्हणजे शस्त्रबळ असलेल्या लहान संघटित गटाने, घटनात्मक मार्ग टाळून, राज्याच्या निर्णयकेंद्राचा कब्जा घेणे, अशी सामान्यतः व्याख्या केली जाते. अशा घटनेत राज्यप्रमुख बदललाच पाहिजे असे नाही. पुष्कळदा तो नाममात्र राहतो आणि त्याच्या नावाने दुसरेच राज्य करतात. हैदराबादेतील घटना या दुसऱ्या प्रकारात मोडते. सातवा निजाम मीर उस्मान अली खान (१८८६–१९६७) गादीवरच राहिला, फर्मानेही त्याच्याच नावाने निघत राहिली. तथापि कोणाशी बोलावे, कोणत्या अटी मान्य कराव्यात आणि मंत्रिमंडळात कोणाला घ्यावे, हे ठरविण्याचे त्याचे स्वातंत्र्य संपुष्टात आले. हा बदल राज्याच्या नियमित सैन्याने घडविला नाही. एका खासगी सशस्त्र दलाने तो घडविला आणि नियमित सैन्य व पोलीस यांनी तो रोखला नाही. या घटनेची कारणे शोधताना हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

लष्करी पार्श्वभूमी : निजामाचे राज्य अठराव्या शतकाच्या अखेरीपासून स्वतःच्या सैन्यावर उभे नव्हते. रेमंड या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली तयार झालेली पलटणे ब्रिटिशांच्या आग्रहावरून ऑक्टोबर १७९८ मध्ये निःशस्त्र करण्यात आली आणि त्याच वर्षीच्या कराराने निजामाने तैनाती फौज स्वीकारली. दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धात कर्नल स्टीव्हन्सनने सप्टेंबर १८०३ च्या आरंभी जालना घेतले. त्यानंतर २३ सप्टेंबर रोजी याच परिसरातील असई येथे आर्थर वेलस्लीने शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. सुर्जी-अंजनगावच्या तहाने (३० डिसेंबर १८०३) जालन्यासह अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख कंपनीकडे गेला व पुढे तो निजामाला मिळाला. म्हणजे जालन्यावरील निजामाची सत्ता ही ब्रिटिश शस्त्रांच्या आधाराने दृढ झालेली होती.

यानंतर ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिन्जंट या सैन्याची जालना ही एक महत्त्वाची छावणी बनली. या सैन्याच्या खर्चापोटी १८५३ च्या कराराने वऱ्हाड प्रांत ब्रिटिशांच्या ताब्यात गेला आणि १९०२ मध्ये तो वार्षिक २५ लाख रुपये खंडाने कायमच्या पट्ट्यावर देण्यात आला. पुढील वर्षी कंटिन्जंट ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन होऊन तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. संस्थानाकडे स्वतःचे असे सैन्य मर्यादितच राहिले. संस्थानाच्या बाह्य संरक्षणाची जबाबदारी दीडशे वर्षे ब्रिटिशांकडे होती आणि अंतर्गत बंडाळीतही अखेरचा आधार त्यांचाच होता. ऑगस्ट १९४७ मध्ये हा आधार नाहीसा झाला, तेव्हा राज्यातील शस्त्रबळाचा समतोल राखणारी कोणतीही संस्था उरली नव्हती.

सामाजिक व राजकीय कारणे : १९४१ च्या जनगणनेप्रमाणे संस्थानाची लोकसंख्या सु. १ कोटी ६३ लाख होती. तीत मुसलमानांचे प्रमाण सु. १३ टक्के होते. भाषांच्या दृष्टीने तेलुगू भाषिक सु. ४८ टक्के, मराठी सु. २६ टक्के व कन्नड सु. १२ टक्के होते. असे असता शासनाची व विद्यापीठीय शिक्षणाची भाषा उर्दू होती. वरिष्ठ नोकऱ्या, सैन्य व पोलीस यांत मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. जमिनीचा मोठा भाग निजामाची खासगी मालमत्ता (सर्फ-ए-खास) व जहागिरी यांत मोडत असे. तेथील रयतेला खालसा मुलखातील रयतेइतकेही संरक्षण नव्हते. जहागिरदार व वरिष्ठ अधिकारी यांत हिंदूही होते. म्हणून या व्यवस्थेला केवळ धार्मिक विभागणीचे रूप देता येत नाही. तथापि लोकप्रतिनिधित्वाचा प्रश्न निघाला, की सत्ताधारी वर्गाला तो आपल्या अस्तित्वाचा प्रश्न वाटे.

ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांत १९३७ साली निवडून आलेली मंत्रिमंडळे स्थापन झाली आणि संस्थानातही जबाबदार राज्यपद्धतीची मागणी मूळ धरू लागली. मराठी भाषिकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन त्याच वर्षी परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर सध्या जालना जिल्ह्यात आहे. उघडपणे राजकीय संघटना काढणे कठीण असल्याने भाषा, शिक्षण व नागरी हक्क यांच्या नावाने सुरू झालेले हे कार्य पुढे राजकीय चळवळीचा पाया ठरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होताच तिच्यावर बंदी घालण्यात आली आणि ती १९४६ पर्यंत टिकली. १९३९ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांनी हिंदू व मुसलमान यांना समसमान प्रतिनिधित्व देऊ केले. बहुसंख्याकांना ते अन्यायाचे वाटले. इत्तेहादला मात्र आपल्या वर्चस्वावरील हा पहिला घाला वाटला. सनदशीर राजकारणाला वाव देण्याची संधी अशा रीतीने आठ वर्षे दवडली गेली. ज्या राज्यात मतभेद मिटविण्याचे अधिकृत व्यासपीठ नसते, तेथे संघटित दंडशक्तीचे महत्त्व आपोआप वाढते, याचा प्रत्यय पुढे आला.

इत्तेहाद व रझाकार : मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ मध्ये धार्मिक व सामाजिक ऐक्यासाठी स्थापन झाली. बहादुर यार जंग (१९०५–४४) यांच्या नेतृत्वाखाली तिला राजकीय रूप आले. राज्याची सार्वभौम सत्ता केवळ निजामाच्या ठायी नसून ती संस्थानातील प्रत्येक मुसलमानाच्या ठायी वसते, असा ‘अनल मलिक’ या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत त्यांनी मांडला. या सिद्धांताचा रोख वरकरणी लोकशाहीच्या मागणीविरुद्ध असला, तरी त्यात निजामाच्या अधिकारालाही मर्यादा घातलेली होती. राजाने तडजोड केल्यास ती नाकारण्याचा हक्क संघटनेने स्वतःकडे घेतला होता. रझाकार (स्वयंसेवक) दलाची उभारणीही याच काळात सुरू झाली.

बहादुर यार जंग यांच्या मृत्यूनंतर १९४६ मध्ये लातूर येथील वकील कासीम रझवी (१९०२–७०) याच्याकडे संघटनेचे अध्यक्षपद आले. त्याच्या काळात रझाकारांची संख्या झपाट्याने वाढली. १९४८ मधील काही अंदाजांनुसार ती दोन लाखांच्या घरात होती, परंतु त्यांतील बहुतेकांजवळ तलवारी, भाले वा जुन्या भरमार बंदुका एवढीच शस्त्रे होती. वर्चस्व गमावण्याची भीती बाळगणारे कनिष्ठ नोकर, बेकार तरुण व पुढे फाळणीच्या दंगलींमुळे अन्य प्रांतांतून आलेले निर्वासित यांतून ही भरती झाली. पंतप्रधान सर मिर्झा इस्माईल यांना इत्तेहादच्या विरोधामुळे मे १९४७ मध्ये पद सोडावे लागले. पंतप्रधान घालविण्याइतकी शक्ती संघटनेकडे आली आहे, हे त्या वेळीच स्पष्ट झाले होते.

घटनाक्रम : भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याने संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता समाप्त होणार होती. निजामाने जून १९४७ मध्ये फर्मान काढून आपण भारत वा पाकिस्तान यांपैकी कोणत्याही राज्यात सामील होणार नसून १५ ऑगस्टनंतर स्वतंत्र राहू, असे घोषित केले. स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२) यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट हा भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिन पाळला. १५ ऑगस्ट रोजी स्वामीजींना अटक झाली. दरम्यान पंतप्रधान छतारीचे नवाब, घटनात्मक सल्लागार सर वॉल्टर माँक्टन व सर सुलतान अहमद यांचे प्रतिनिधिमंडळ दिल्लीत वाटाघाटी करीत होते. सामीलनाम्याऐवजी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार करावा, असे त्यातून निष्पन्न झाले.

२५ ऑक्टोबर रोजी निजामाच्या कार्यकारी मंडळाने या कराराचा मसुदा सहा विरुद्ध तीन मतांनी स्वीकारला. निजामाने संमती दिली, पण सही लांबणीवर टाकली. २७ ऑक्टोबरला सकाळी प्रतिनिधिमंडळ दिल्लीस निघणार होते. त्या पहाटे तीनच्या सुमारास सु. पंचवीस ते तीस हजारांचा जमाव छतारी, माँक्टन व सुलतान अहमद यांच्या घरांभोवती जमला. एवढा जमाव रात्रीतून जमत असता पोलिसांनी हस्तक्षेप केला नाही. सैन्याने प्रतिनिधींना सुरक्षित स्थळी हलविले, पण जमाव पांगविण्याचे वा सूत्रधारांना पकडण्याचे काम कोणी केले नाही. भारत सरकार काश्मीरमध्ये गुंतले आहे, तेव्हा अधिक चांगल्या अटी मिळविता येतील, असा युक्तिवाद रझवीने निजामापुढे केला. त्याच दिवशी भारतीय सैन्याच्या पहिल्या तुकड्या विमानाने श्रीनगरला उतरत होत्या. निजामाने हे म्हणणे मानले आणि जुन्या प्रतिनिधिमंडळाने राजीनामा दिला.

नवीन मंडळात मोईन नवाज जंग, इत्तेहादचे अब्दुर रहीम व पिंगळे वेंकटरामा रेड्डी यांचा समावेश होता. कराराच्या मसुद्यात बदल होणार नाही, असे माउंटबॅटन यांनी त्यांना सांगितले. अखेर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जवळजवळ त्याच करारावर निजामाने सही केली. कराराच्या अटींच्या दृष्टीने पाहता सत्तापालटाने काहीच साधले नाही. त्याने जे साधले ते राज्याच्या अंतर्भागात होय. छतारी यांच्या निवृत्तीनंतर उद्योगपती मीर लायक अली (१९०३–७१) यांना पंतप्रधान नेमण्यात आले व मंत्रिमंडळात इत्तेहादला स्थान मिळाले. करार पाळावयाचा नाही, असे मानणाऱ्यांच्या हाती कराराची अंमलबजावणी आली.

परकीय प्रभाव : या घटनेमागे परकीय शक्तींचा हात किती होता, याविषयी दोन टोकांची मते मांडली गेली आहेत. काहींनी ती सर्वस्वी पाकिस्तानच्या प्रेरणेने घडल्याचे मानले, तर काहींनी ती निव्वळ स्थानिक उद्रेक ठरविली. उपलब्ध वस्तुस्थिती या दोहोंपेक्षा वेगळी आहे. परकीय प्रभाव तीन प्रकारचा होता : कायदेशीर, आर्थिक-लष्करी व मानसिक.

कायदेशीर प्रभाव ब्रिटनचा होता. अधिसत्ता नवीन सरकारकडे हस्तांतरित न करता ती समाप्त करण्याच्या निर्णयाने संस्थानांना तत्त्वतः स्वातंत्र्याचा दावा करण्यास जागा मिळाली. वऱ्हाड परत मागण्याचा निजामाचा आग्रहही याच भूमिकेतून आला. ब्रिटनमधील हुजूर पक्षाच्या काही पुढाऱ्यांना निजामाविषयी सहानुभूती होती. माँक्टन यांचा सल्ला मात्र भारताशी समझोता करण्याचाच होता आणि जमावाने घेरलेल्या व्यक्तींत तेही होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आर्थिक-लष्करी संबंध मुख्यतः पाकिस्तानशी आले. लायक अली हे पंतप्रधान होण्यापूर्वी संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानच्या वतीने काम करीत होते. ‘जैसे थे’ करारानंतर लवकरच हैदराबाद सरकारने भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिल्याचे उघड झाले. त्याच सुमारास मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर आणि राज्यात भारतीय चलनाच्या वापरावर निर्बंध घालण्यात आले. भारताने याला करारभंग मानले. हैदराबादने उलट भारतावर आर्थिक नाकेबंदीचा आरोप केला. १९४८ मध्ये सिडनी कॉटन (१८९४–१९६९) या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून बीदर व वरंगळ येथील विमानतळांवर रात्रीच्या वेळी शस्त्रे आणून पोहोचविली. या उड्डाणांबद्दल पुढे ब्रिटनमध्ये त्याच्यावर खटला होऊन २०० पौंड दंड झाला. चोहोबाजूंनी भूवेष्टित असलेल्या राज्याला समुद्रमार्ग मिळावा, म्हणून पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याचे बंदर मिळविण्याचाही विचार झाला, पण तो फळास आला नाही.

तिसरा, मानसिक प्रभाव सर्वांत परिणामकारक होता. पाकिस्तान लष्करी साहाय्य करील, संयुक्त राष्ट्रे हस्तक्षेप करतील, भारत काश्मीरमुळे दुसरी आघाडी उघडू शकणार नाही, या तीन अपेक्षांवर रझाकारांचा प्रचार उभा होता. प्रत्यक्षात तिन्ही फोल ठरल्या. पाकिस्तानने सैन्य पाठविले नाही. महंमद अली जिना ११ सप्टेंबर १९४८ रोजी निधन पावले. हैदराबादने २१ ऑगस्टला सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. परिषदेने ती १६ सप्टेंबरला विचारार्थ घेतली, तोवर लढाईचा निकाल लागत आला होता, आणि २२ सप्टेंबरला निजामाने ती मागे घेत असल्याचे कळविले. शिवाय ही मदत जी काही मिळाली, ती सत्तापालटानंतरची होती. कर्ज व शस्त्रे यांचा क्रम पाहिला असता, परकीय साहाय्यामुळे सत्तापालट झाला असे म्हणण्यापेक्षा सत्तापालट झाल्यामुळे परकीय साहाय्य शोधावे लागले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरते. परकीय प्रभावाने सत्तापालटाचे कारण पुरविले नाही. त्याने तडजोड टाळण्यास लागणारा आत्मविश्वास पुरविला.

जालना परिसरातील परिस्थिती : राजधानीतील या बदलाचे परिणाम मराठवाड्यात काही महिन्यांतच दिसू लागले. करारानुसार सिकंदराबाद येथील भारतीय सैन्य १९४८ च्या आरंभी परत गेले. जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांना रझाकारांना आवरण्याची प्रेरणा वा पाठबळ उरले नाही. सक्तीने धान्य व पैसा गोळा करणे, लुटालूट व जाळपोळ यांचे प्रकार वाढले. लायक अली मंत्रिमंडळातील एक सदस्य जे. व्ही. जोशी यांनी परभणी व नांदेड जिल्ह्यांतील परिस्थिती पाहून राजीनामा दिला. परतूरचा भाग त्या वेळी याच परभणी जिल्ह्यात होता.

स्टेट काँग्रेसची चळवळ कृती समितीने सीमेबाहेरून चालविली. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ इ. नेत्यांचा तीत प्रमुख भाग होता. मनमाड, उमरखेड इ. ठिकाणी केंद्रे होती. शिंदीची झाडे तोडणे, जंगल सत्याग्रह, लेव्हीस विरोध, करोडगिरी (जकात) नाक्यांवर हल्ले असे या लढ्याचे स्वरूप होते. जालना, भोकरदन व जाफराबाद या भागांपासून वऱ्हाडातील बुलढाणा जिल्हा जवळ असल्याने सीमेपलीकडे जाणे-येणे शक्य होते. मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबांनी या काळात शेजारच्या प्रांतांत आश्रय घेतला. शहरे व बाजारपेठा यांवर अनिश्चिततेचे सावट होते. कापसाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले जालना मनमाडमार्गे मुंबईशी जोडलेले असल्याने नाकेबंदी व चलनावरील निर्बंध यांचा फटका अशा बाजारपेठांना बसणे अपरिहार्य होते.

रझाकारांच्या धोरणाला मुसलमान समाजातूनही विरोध झाला. काही मुसलमान विचारवंतांनी व माजी अधिकाऱ्यांनी भारतात सामील होण्याचा सल्ला जाहीरपणे दिला. इमरोज या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिले. त्यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या करण्यात आली.

पोलीस कारवाई : माउंटबॅटन यांच्या कारकीर्दीत अखेरची बोलणी जून १९४८ मध्ये फिसकटली. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याने संस्थानात प्रवेश केला. मुख्य सैन्य सोलापूरकडून मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली निघाले, तर औरंगाबाद विभागाची कामगिरी मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्याकडे होती. १४ सप्टेंबरला औरंगाबादने शरणागती पतकरली. जालना परिसरात मात्र ३ शीख पलटण, २ जोधपूर इन्फन्ट्रीची एक कंपनी व १८ कॅव्हलरीचे काही रणगाडे यांना हैदराबादच्या सैन्याचा चिवट प्रतिकार सोसावा लागला. १५ सप्टेंबर रोजी ३/११ गुरखा पलटणीची एक कंपनी जालन्यात ठेवून उरलेले दल लातूर व मोमिनाबाद (अंबाजोगाई) यांच्या रोखाने पुढे गेले. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी हैदराबादचे सेनापती मेजर जनरल एल एद्रूस यांनी चौधरी यांच्यापुढे शरणागती दिली. ज्या सैन्याने ऑक्टोबर १९४७ मध्ये जमावाला अडविले नाही, त्यालाच अकरा महिन्यांनी त्या जमावाच्या धोरणाची किंमत रणांगणावर मोजावी लागली.

परिणाम : रझवीला अटक होऊन शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटका झाल्यावर तो पाकिस्तानात गेला. लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानला पोहोचले. संस्थानावर चौधरी यांचे लष्करी प्रशासन १९४९ अखेरपर्यंत होते. कारवाईच्या काळात व नंतर मराठवाड्यासह अनेक भागांत मुसलमानांवर सूडाचे हल्ले झाले. भारत सरकारच्या वतीने पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांची संख्या २७,००० ते ४०,००० असावी असा अंदाज दिला. उस्मानाबाद (आता धाराशिव), गुलबर्गा (आता कलबुर्गी), बीदर व नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे तिने नमूद केले. हा अहवाल दीर्घ काळ अप्रकाशित राहिला. रझाकारांच्या अत्याचारांत सामान्य हिंदू व त्यानंतरच्या हिंसाचारात सामान्य मुसलमान होरपळले. सत्तापालटाचा निर्णय या दोहोंपैकी कोणीही घेतलेला नव्हता.

परकीय संबंधांचा एक धागा मात्र सत्तर वर्षे शिल्लक राहिला. सप्टेंबर १९४८ मध्ये मोईन नवाज जंग यांच्या सूचनेवरून हैदराबाद सरकारच्या लंडनमधील खात्यातून सु. १० लाख पौंड ब्रिटनमधील पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वर्ग करण्यात आले. निजामाने ती रक्कम परत मागितल्याने ती गोठविली गेली. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये व्याजासह सु. ३.५ कोटी पौंडांवर पोहोचलेल्या या रकमेवरील पाकिस्तानचा दावा फेटाळला आणि निकाल निजामाचे वारस व भारत यांच्या बाजूने दिला.

मूल्यमापन : या सत्तापालटाची मुळे तीन प्रकारच्या पोकळ्यांत दिसतात. लोकांना राज्यकारभारात वाटा नसल्याने राजकीय पोकळी होती. दीडशे वर्षांच्या परावलंबनामुळे लष्करी पोकळी होती. निजामाच्या अनिश्चित वृत्तीमुळे, एकाच वेळी सर्व पक्षांना झुलवीत ठेवण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे, निर्णयाची पोकळी होती. रझाकारांनी या पोकळ्या निर्माण केल्या नाहीत. त्यांनी त्या भरून काढल्या. बाहेरून मदत येईल या भरवशावर त्यांनी तडजोडीचे मार्ग बंद केले आणि राज्याचा शेवट अटळ केला.

हैदराबाद संस्थानातील मराठी जिल्हे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, भोकरदन, जाफराबाद व अंबड हे तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून जालना जिल्हा निर्माण झाला. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. जालना शहरात त्या निमित्ताने टाऊन हॉल परिसरातील हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांच्या स्मारकाजवळ ध्वजवंदन व अभिवादन केले जाते.